एकाच कलमातील दोन मुले : डेव्हिड ससून औद्योगिक शाळा आणि तिच्यामागील कायदे

मुंबईच्या डेव्हिड ससून औद्योगिक शाळेचे वय १८५७ पासून मोजण्याचा प्रघात आहे आणि देणगीच्या व नावाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु ज्या कायद्यामुळे या शाळेच्या चालकांना परक्याचे मूल करारान्वये आपल्याकडे ठेवून घेता आले आणि त्याला धंदा शिकवता आला, तो कायदा शाळेहून सात वर्षांनी मोठा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत १८५० साली मंजूर झालेला हा एकोणिसावा कायदा ‘अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट’ म्हणून ओळखला जातो. शाळेची इमारत, देणगीदार आणि पदाधिकारी यांच्या हकिकतीत तो सहसा तळटिपेपुरता उरतो. प्रत्यक्षात शाळेत कोण येणार, किती वर्षे राहणार आणि बाहेर पडताना काय होऊन जाणार हे ठरवण्याचे काम त्याने आणि त्याच्यामागून आलेल्या कायद्यांनी केले. म्हणून या संस्थेचा इतिहास तिच्या फाटकाच्या आतून लिहिण्यापेक्षा त्या कायद्यांच्या बाजूने लिहिणे अधिक उपयोगाचे आहे.

‘अ‍ॅप्रेंटिस’ या शब्दाला मराठीत ‘उमेदवार’ किंवा ‘शिकाऊ उमेदवार’ असे म्हटले जाते. कारागिराच्या हाताखाली ठरावीक मुदतीसाठी राहून, त्याचे काम करत करत धंदा शिकणारा मुलगा असा त्याचा मूळ अर्थ. अनाथ मुलांना, विशेषतः सार्वजनिक धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना, पुढे स्वतःचे पोट भरता येईल असा धंदा शिकता यावा, हा हेतू १८५० च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. दहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला त्याचा बाप किंवा पालक लेखी कराराने एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून देऊ शकत असे. कराराची मुदत सात वर्षांहून अधिक असू नये आणि मूल एकवीस वर्षांचे झाल्यावर ती पुढे चालू नये, असे बंधन होते. मुलीच्या बाबतीत मात्र मुदत तिच्या लग्नापाशी संपे. मुंबई बंदरासारख्या ठिकाणी अर्थपूर्ण ठरणारी आणखी एक तरतूद अशी की, मुलाला नोंदणीकृत जहाजाच्या मालकाकडे खलाशाचे काम शिकण्यासाठीही बांधून देता येत होते.

या कायद्याचे दुसरे कलम थोडे थांबून वाचण्याजोगे आहे. ज्याला बाप नाही किंवा असून नसल्यासारखा आहे, अशा मुलाच्या वतीने करार कोणी करायचा, या प्रश्नाचे उत्तर त्यात दिले आहे. मॅजिस्ट्रेट किंवा जस्टिस ऑफ द पीस यांना पालकाचे सर्व अधिकार देऊन, ते अधिकार कोणत्या मुलांबाबत वापरायचे याची यादी कलमात येते : अनाथ मूल, आईबापांनी टाकून दिलेले गरीब मूल, आणि भटकेगिरी किंवा किरकोळ गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेले मूल. तिघेही एकाच वाक्यात, केवळ ‘किंवा’ने जोडलेले. लिहिणाऱ्याने यात काही तत्त्व मांडले असावे असे दिसत नाही. ज्याच्या वतीने सही करायला कोणी नाही ते मूल, एवढीच त्याची व्याख्या होती आणि त्या दृष्टीने बाजारातून केळे उचलणारे पोर व पटकीत आईबाप गमावलेले पोर यांच्यात फरक करण्याचे त्याला कारण नव्हते. पण पुढील दीड शतक मुंबई इलाख्यात आणि नंतर महाराष्ट्रात या विषयावर जे जे कायदे झाले, ते सारे या एका वाक्यातील ‘किंवा’शी झुंजत राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे वाक्य इंग्लंडमधून आले होते. तेथे १६०१ च्या दरिद्रीपोषण कायद्याने प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाच्या, अधिकाऱ्यांना निराधार मुले कारागिरांकडे वा शेतकऱ्यांकडे बांधून देण्याचा अधिकार दिला होता. मुलीची मुदत लग्नाबरोबर संपण्याची अटही त्याच परंपरेतील. मुंबईत पॅरिश नव्हता आणि त्याच्यासारखी करवसुली करून गरिबांना पोसणारी दुसरी स्थानिक यंत्रणाही नव्हती. त्यामुळे पॅरिशची जागा मॅजिस्ट्रेटने घेतली. ही अदलाबदल वरवर किरकोळ वाटते, परंतु तिचा परिणाम खोल झाला. इंग्लंडात अनाथ मुलाचा पहिला संबंध दानधर्माच्या कचेरीशी येई. मुंबईत तो फौजदारी कोर्टाशी आला. मुलाने काही केले असो वा नसो, त्याला पोलिसाने आणायचे, मॅजिस्ट्रेटसमोर उभे करायचे आणि तेथून हुकूम घेऊन कोठेतरी पाठवायचे, ही चाल येथेच पडली.

आणि ‘कोठेतरी’ म्हणजे कोठे, हा खरा प्रश्न होता. येथील कारागिरी बहुतांशी घराण्यात आणि जातीत चालत असे. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरी आणि लोहाराचा मुलगा भाता ओढी. ज्याची जात माहीत नाही किंवा जो कोर्टातून आला आहे, अशा पोराला घरात ठेवून सात वर्षे जेवू घालणारा उस्ताद सहजी मिळण्यासारखा नव्हता. करार करण्याचा अधिकार कायद्याने दिला, पण कराराचा दुसरा पक्ष त्याला निर्माण करता आला नाही. एका कारागिराऐवजी एक संस्थाच उस्तादाच्या जागी उभी करावी, ही कल्पना या अडचणीतून निघाली असावी.

मुंबईत तशी शाळा प्रथम काढणारा गृहस्थ होता डॉ. जॉर्ज बुइस्ट. हा स्कॉटिश पत्रकार १८४० च्या सुमारास ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक म्हणून आला. वेधशाळा, भूगोल, हवामान अशा अनेक विषयांत त्याने हात घातला आणि १८५० मध्ये ‘बॉम्बे रिफॉर्मेटरी स्कूल ऑफ इंडस्ट्री’ सुरू करून काही काळ तिचा कारभार स्वतः पाहिला. समाजकार्याच्या अनेक पाठ्यपुस्तकांत आजही असे छापले जाते की, अनाथ व भटक्या मुलांची पहिली ‘रॅगेड स्कूल’, म्हणजे फाटक्या कपड्यांतील मुलांसाठीची फुकट शाळा, १८४३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने स्थापन केली. लॉर्ड कॉर्नवॉलिस १८०५ साली गाझीपूर येथे मरण पावला होता आणि बुइस्टचा जन्म त्याच सुमाराचा आहे, एवढे ध्यानात घेतले तरी हे विधान यापुढे उतरवून घेण्याची गरज उरू नये. बुइस्टची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १८५७ च्या उठावाच्या काळात त्याने हिंदी लोकांविरुद्ध इतके जहरी लिहिले की, पत्राच्या हिंदी भागधारकांनी विरोध केला आणि त्याला संपादकपद सोडावे लागले. गरीब मुलांसाठी शाळा काढणारा आणि त्याच मुलांच्या समाजाला शिव्या घालणारा माणूस एकच होता. दयाबुद्धी आणि तुच्छता त्या काळच्या परोपकारात शेजारी शेजारी नांदू शकत होत्या.

शाळेला आज ज्यांचे नाव आहे ते डेव्हिड ससून वेगळ्या वाटेने मुंबईत आले. बगदादच्या एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यात १७९२ साली जन्मलेल्या ससून यांना तेथील सत्ताधाऱ्यांच्या जाचामुळे शहर सोडावे लागले आणि इराणच्या आखातावरील बुशेहर बंदरातून १८३० च्या दशकाच्या आरंभी ते मुंबईस पोहोचले. कापूस, कापड आणि चीनकडे जाणारी अफू यांच्या व्यापारात त्यांच्या पेढीने जे धन मिळवले, त्यातील मोठा वाटा मुंबई व पुणे येथील धर्मादाय कामांत गेला. पुण्याचे ससून रुग्णालय, काळा घोड्याजवळील ससून ग्रंथालय आणि पुण्यातील लाल देऊळ नावाने ओळखले जाणारे सिनेगॉग ही त्यांची ठळक उदाहरणे, आणि १८६४ साली पुण्यात मृत्यू आल्यावर त्यांची समाधीही लाल देवळाच्या आवारातच बांधली गेली. अफूच्या पैशाचा उल्लेख टाळण्याची प्रथा स्मरणिकांत असते. पण एका बंदरात हजारोंना व्यसन पुरवणाऱ्या व्यापाराने दुसऱ्या बंदरात निराधार मुलांना हत्यारे पुरवली, ही वस्तुस्थिती संस्थेच्या इतिहासातून गाळता येत नाही. १८५७ साली ससून यांच्या देणगीतून ‘डेव्हिड ससून इंडस्ट्रियल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन’ उभे राहिले.

या नावातील दोन इंग्रजी शब्दांकडे त्यांच्या काळाच्या नजरेने पाहिले पाहिजे. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर यांनी १८५१ साली लिहिलेल्या पुस्तकात रस्त्यावरच्या मुलांचे दोन वर्ग केले होते : जी अजून गुन्ह्यात पडलेली नाहीत पण उपासमारीने तिकडे ढकलली जात आहेत ती, आणि जी गुन्ह्यात पडली आहेत ती. पहिल्या वर्गासाठी ‘इंडस्ट्रियल स्कूल’, म्हणजे जेवण, अक्षरओळख आणि हातकाम देणारी शाळा. दुसऱ्यासाठी ‘रिफॉर्मेटरी’, म्हणजे शिक्षेऐवजी सुधारणेसाठी ठेवून घेणारी शाळा. इंग्लंडच्या संसदेने ही विभागणी स्वीकारली आणि रिफॉर्मेटरीचा कायदा १८५४ मध्ये, तर इंडस्ट्रियल स्कूलचा कायदा १८५७ मध्ये केला. म्हणजे ज्या वर्षी तेथे या दोन शाळा कायद्याने वेगळ्या झाल्या, त्याच वर्षी मुंबईत एका दात्याच्या एका देणगीतून दोन्ही शब्द एकाच पाटीवर लागले. येथील १८५० च्या कायद्याला दोन प्रकारची मुले ठाऊकच नव्हती. पाटी त्या कायद्याशी प्रामाणिक होती.

अनाथ मुलांना हत्यार हाती देऊन माणसांत आणण्याचा हाच प्रयोग त्याच दशकात मुंबई इलाख्यात आणखी एका ठिकाणी चालू होता आणि तो बाजूचा असला तरी येथे सांगण्याजोगा आहे. अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईस आणली जात. त्यांपैकी अनेकांना नाशिकजवळच्या शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवून सुतारकाम, लोहारकाम शिकवले गेले. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या पथकातील जेकब वेनराइट हा त्या नाशिककर मुलांपैकी एक. पुढे यांतील बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाऊन वसाहतीत गेले. या मुलांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. तरी त्यांच्यासाठी निवडलेला मार्ग चोरीत सापडलेल्या मुलासाठी निवडलेल्या मार्गासारखाच होता, कारण निराधार मुलाचे दुसरे काही करता येते ही कल्पनाच तेव्हाच्या राज्यकर्त्यांपाशी नव्हती.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा मानू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहून ठरवावे, असे सांगितले. त्यावरच्या वयाच्या मुलाला तुरुंग होता. १८६४ च्या फटके-कायद्याने त्याला आणखी एक पर्याय दिला : अल्पवयीन गुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी हलक्या वेताचे फटके मारून सोडून देता येऊ लागले. मॅजिस्ट्रेटच्या दृष्टीने हा उपाय स्वस्त आणि झटपट होता, शाळेत पाठवण्यासाठी लागणारी लिखापढी, जागा आणि खर्च त्याला लागत नसे. सुधारशाळा कागदावर असूनही तिच्याकडे मुले कमी का जात, याचा शोध घेणाऱ्याने या वेताकडे प्रथम पाहावे.

मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि त्यानंतरही तीन वेळा येऊन गेल्या. मुलींचे शिक्षण, तुरुंग आणि सुधारशाळा हे त्यांचे विषय होते आणि तिन्हींबाबत त्यांनी सरकारकडे सातत्याने निवेदने दिली. १८७६ साली ‘रिफॉर्मेटरी स्कूल्स अ‍ॅक्ट’ झाला, तो या वातावरणात. त्याची जागा १८९७ च्या आठव्या कायद्याने घेतली आणि हाच कायदा पुढे दीर्घकाळ चालला, म्हणून त्याचे थोडे बारकाईने वर्णन आवश्यक आहे.

१८९७ च्या कायद्यानुसार ज्या गुन्ह्याला काळेपाणी किंवा कैद ही शिक्षा आहे, अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी किमान तीन आणि कमाल सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई. सरकार स्वतः शाळा स्थापू शकत होते किंवा अस्तित्वात असलेली संस्था त्या कामासाठी वापरू शकत होते. शाळेत कोणत्या सोयी हव्यात हे कायद्याने मोजक्या शब्दांत सांगितले : रात्री मुलांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची पुरेशी व्यवस्था; आरोग्याची काळजी, पाणी, अन्न, कपडे व अंथरूण; धंदेशिक्षणाची साधने; आणि आजारी मुलांसाठी खोली. या यादीचा क्रम बोलका आहे. तीत पहिले स्थान रात्रीच्या विलगीकरणाला आहे, धंदेशिक्षण तिसरे आहे आणि पाटी-पुस्तकाचा उल्लेखच नाही. कायदा करणाऱ्याच्या मनात शाळेचे जे चित्र होते त्यात संध्याकाळी दारे बंद होतात आणि सकाळी कारखाना सुरू होतो.

याच कायद्यात एक तरतूद अशी होती की, तिच्यात १८५० ची उमेदवारी वेष बदलून परत आलेली दिसते. मूल चौदा वर्षांचे झाले की, देखरेख समितीच्या संमतीने अधीक्षक त्याला एखाद्या भरवशाच्या, प्रतिष्ठित माणसाकडे राहण्याचा परवाना देऊ शकत असे. अट एकच, त्या माणसाने मुलाला कोणत्यातरी धंद्यात गुंतवून ठेवावे. परवाना तीन महिन्यांचा असे आणि मुदत पुरी होईपर्यंत तीन-तीन महिन्यांनी वाढवता येई. चौदा वर्षांचे पोर एका लोहारशाळेत तीन महिने काम करते आहे, मालकाने नीट वागवले तर कागद पुढे सरकतो आणि नाही तर ते परत शाळेच्या आवारात येते, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की, सात वर्षांच्या एकाच कराराच्या तुलनेत ही पद्धत किती शहाणपणाची होती ते कळते. समितीत किमान पाच सदस्य असावेत आणि त्यांत निदान दोन हिंदी असावेत, असेही कायद्याने सांगितले होते. मुलींसाठी मात्र या कायद्याने शाळाच ठेवली नाही. त्यांना समज देऊन सोडणे किंवा चांगल्या वर्तनाची हमी घेऊन पालकाच्या स्वाधीन करणे, एवढेच मॅजिस्ट्रेटच्या हाती होते.

आणि अनाथ? १८७६ आणि १८९७ या दोन्ही कायद्यांत गुन्हा न केलेल्या मुलाला स्थान नव्हते. १८५० च्या कलमातील तिघांपैकी दोषी ठरलेल्या मुलाला सरकारने शाळा दिली, उरलेल्या दोघांना वगळले. गुन्हेगार आणि निराधार मुलांना वेगळे करण्याचा हा पहिला प्रयत्न म्हणावा, तर तो निराधारांना विसरून केलेला होता. त्याचा परिणाम असा की, ज्या पाव शतकात दख्खनवर १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन भीषण दुष्काळ पडले आणि वाटेवर टाकून दिलेल्या मुलांची संख्या पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली, त्याच काळात चोरीत सापडलेल्या मुलाला सरकारी सुधारशाळा होती आणि चोरी न करता उपाशी बसलेल्याला तीही नव्हती.

ही पोकळी समाजातील माणसांनी भरली. जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाशी संबंधित मंडळींनी तशाच कामासाठी बालकाश्रम सुरू केला. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेच्या नावातही प्रारंभी ‘अनाथ बालिकाश्रम’ हेच शब्द होते. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. या संस्थांचे प्रेरणास्थान वेगवेगळे, कधी एकमेकांच्या विरोधातलेही होते. त्यांच्यात समान गोष्ट एकच : त्यांच्यापैकी कोणाकडेही मूल पोहोचण्यासाठी मॅजिस्ट्रेटच्या हुकमाची गरज नव्हती. महाराष्ट्रात अनाथाश्रम आणि सुधारशाळा हे शब्द वेगळे राहिले ते कायद्यामुळे नाही, या माणसांमुळे. मराठी माणसाच्या कानाला ‘आश्रम’ या शब्दात आसरा ऐकू येतो आणि ‘रिफॉर्मेटरी’त गज दिसतात, हा भेदही त्यांनीच घडवला.

पहिल्या महायुद्धानंतर सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समितीने (१९१९-२०) मुलांचे खटले वेगळ्या न्यायालयात चालावेत आणि चौकशीच्या काळात त्यांना तुरुंगाऐवजी वेगळ्या गृहात ठेवावे, अशी शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांसंबंधीचे कायदे केले. तिन्हींवर इंग्लंडच्या १९०८ च्या मुलांच्या कायद्याची छाप स्पष्ट आहे. मुंबईच्या कायद्याने गुन्हेगार मुलाबरोबर भीक मागताना सापडलेले, निराधार, वाईट संगतीत किंवा कुंटणखान्यात वाढणारे मूलही आपल्या कक्षेत घेतले. सुमारे अर्ध्या शतकानंतर अनाथ मूल पुन्हा त्याच कायद्यात आले. त्याच्या शेजारी पुन्हा तोच चोर होता. औद्योगिक शाळा आणि सुधारशाळा या दोन्हींना आता ‘सर्टिफाइड स्कूल’, म्हणजे सरकारने प्रमाणित केलेली शाळा, असे एकच नाव मिळाले आणि याशिवाय ‘फिट पर्सन’, म्हणजे कोर्टाने योग्य ठरवलेली व्यक्ती किंवा संस्था, हा नवा मार्ग खुला झाला. या दुसऱ्या मार्गाने पुढे अनेक खासगी अनाथाश्रम कायद्याच्या चौकटीत आले.

कायदा झाला तरी तो मुंबई शहरात अमलात यायला १९२७ साल उजाडले. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांचे न्यायालय सुरू झाले. सोसायटीचे उमरखाडी येथील गृह डोंगरीच्या ज्या जुन्या तुरुंगात वसले, तेथेच १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात शिक्षा झालेल्या टिळक-आगरकरांनी एकशे एक दिवस काढले होते आणि आगरकरांनी त्यांवर पुस्तकही लिहिले आहे. मुलांना तुरुंगातून बाहेर काढण्यासाठी केलेल्या कायद्याची अंमलबजावणी तुरुंगाच्याच भिंतींत सुरू व्हावी, यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मुंबईत तयार, उंच भिंतीची, सरकारी मालकीची जागा हवी असली की अशीच जागा मिळते. तरीही जाड दगडी भिंत, एकच फाटक आणि आत चौक अशा वास्तूत आणून बसवलेल्या हरवलेल्या मुलाला आपण आरोपी नाही हे कसे पटवून द्यायचे, हा प्रश्न तेथील प्रत्येक पिढीच्या काळजीवाहकांपुढे आला असणार.

१९३६ साली मुंबईत डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याचे उच्च शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था निघाली, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था आहे, आणि पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. प्रशिक्षित परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरी जाऊन त्याची परिस्थिती पाहणारा आणि न्यायालयाला अहवाल देणारा अधिकारी, हा नवा माणूस या काळात यंत्रणेत आला. मूल कोणत्या कलमाखाली आले याच्याऐवजी ते कोणत्या चाळीतून, कोणत्या घरातून आले हे प्रथमच पद्धतशीरपणे लिहिले जाऊ लागले, आणि ते लिहिताना पुन्हा पुन्हा हेच दिसले की, गुन्हेगार मुलाच्या आणि निराधार मुलाच्या घरची हकीकत ओळखू न येण्याइतकी सारखी आहे. १८५० च्या अज्ञ ‘किंवा’ला अशा रीतीने जाणकारांकडून उशिरा का होईना, पण एक वेगळा पाठिंबा मिळाला.

स्वातंत्र्यानंतर लगेच १९४८ चा मुंबई मुलांचा कायदा आला आणि तो महाराष्ट्रात जवळजवळ चार दशके चालला. त्याने सोळा वर्षांखालील प्रत्येकाला ‘मूल’ मानले, मुलांचे न्यायालय शक्य तो वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या वेळी भरावे असे सांगितले आणि मुलाचे नाव व छायाचित्र छापण्यास मनाई केली. मुलाला भीक मागायला लावणे, त्याला दारू देणे, त्याच्याकडून वस्तू गहाण घेणे, हे मोठ्यांचे गुन्हे ठरवण्यातही हा कायदा काटेकोर होता. पण लोकांच्या तोंडी या साऱ्यातून एकच शब्द उतरला : रिमांड होम. ‘रिमांड’ म्हणजे चौकशी पुरी होईपर्यंत आरोपीला ताब्यात ठेवणे. त्या गृहात येणाऱ्यांत हरवलेली, घरातून पळालेली, आईवडील नसलेली मुले मोठ्या संख्येने होती, तरी सर्वांच्या कपाळी आरोपीचाच शब्द बसला. “जास्त मस्ती केलीस तर रिमांड होममध्ये टाकीन,” हे वाक्य मराठी घरांतून दोन-तीन पिढ्यांनी ऐकले आहे; ज्या मुलांना खरोखर तेथे राहावे लागले, त्यांना शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत हा शब्द किती जड गेला असेल, याचा अंदाज त्यावरून करावा. पुढे सरकारने ‘निरीक्षणगृह’ हा शब्द आणला. तो पाटीवर बसला, पण बोलण्यात रुळला नाही.

१९८६ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांतील मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या सुनावणीत, साऱ्या देशाला मुलांसाठी एकच कायदा असावा असे मत न्यायालयाने व्यक्त केले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम केला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून तो लागू झाला. त्याने दोषारोप असलेल्या मुलासाठी बाल न्यायालय आणि उपेक्षित मुलासाठी बालकल्याण मंडळ अशी दोन दारे केली. २००० च्या कायद्याने वयाची मर्यादा मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा केली आणि भाषाही बदलली : एक ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, दुसरे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’. पहिल्यासाठी बाल न्याय मंडळ, दुसऱ्यासाठी बालकल्याण समिती. १५ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या २०१५ च्या कायद्याने ही विभागणी कायम ठेवून निरीक्षणगृह, विशेष गृह, सुरक्षित स्थान आणि बालगृह यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या आणि मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची केली. ‘विधिसंघर्षग्रस्त’ हा शब्द उच्चारायला कठीण आहे हे खरे, परंतु तो ‘बालगुन्हेगार’ म्हणत नाही, एवढ्यासाठी तरी त्याचे काठिण्य सहन करायला हरकत नसावी.

डेव्हिड ससून औद्योगिक शाळा आज माहीम येथे आहे आणि तिच्या नावातील ‘रिफॉर्मेटरी’ गळून ‘इंडस्ट्रियल’ उरले आहे. ज्या १८५० च्या कायद्यावर ती उभी राहिली, तो शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या केंद्रीय कायद्याने रद्द झाला. नवा कायदा कारखान्यांतील प्रशिक्षणाचा आहे; त्यात उमेदवाराचे किमान वय, विद्यावेतन आणि कामाचे तास आहेत, अनाथ हा शब्द नाही. एकशे अकरा वर्षांनी उमेदवारी आणि अनाथपण कागदावर एकमेकांपासून सुटले. अठरा वर्षे पुरी झालेल्या मुलांना काही काळ राहता यावे म्हणून सरकारची अनुरक्षण गृहे आहेत, ती जुन्या परवाना पद्धतीच्या जागी आली असे म्हणता येईल, फक्त तेथे मूल भरवशाच्या लोहाराऐवजी सरकारच्याच हवाली राहते.

२०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथ मुलांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण जाहीर केले. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ते मागणाऱ्या तरुणाकडे आपल्या आईवडिलांचा वा जातीचा कागद नसतो. असतो तो बहुधा बालगृहातील प्रवेशाचा, ज्यावर त्याला कोणी, कोठून आणि कोणाच्या हुकमाने आणले याची नोंद असते. म्हणजे संस्थेच्या दप्तरातील ती प्रवेश-नोंदवही, जी एकेकाळी मुलाला करारात बांधण्यासाठी लिहिली जाई, आता त्याच्या हक्काचा एकमेव पुरावा ठरू लागली आहे.